मुख्य अर्जदार

आमच्या नात्यागोत्यात असं धरून चालतात की ऑस्ट्रेलियानं आम्हाला घेतलं नाही. बायकोच्या हॉस्पिटलात हेच माहीत आहे, माझ्या कंपनीत हेच माहीत आहे, आणि सोसायटीच्या वॉचमनलाही एवढं ठाऊक आहे की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब फॉरेनला जाणार होते, मग काहीतरी झालं आणि राहिलं. ते काहीतरी म्हणजे काय, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. खरी गोष्ट अशी आहे की त्या देशासमोर आमचं खरं प्रकरण कधी गेलंच नाही. ते नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

माझी नोकरी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात, क्वालिटीत. तयार झालेले सुटे भाग मापून बघायचे. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. या कामाला बोलावं लागत नाही, म्हणून ते मला मानवलं. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. बायको बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नाशिकमधल्याच एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. एक मुलगी, ती तेव्हा नऊ वर्षांची. आणि माझी आई, घोटीजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेली.

जायचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं, असं नातेवाईक विचारायचे तेव्हा मी गप्प बसायचो आणि तो मान माझ्याकडे यायचा. ते तिच्या डोक्यातून निघालं होतं. एका रविवारी तिच्या नर्सिंग कॉलेजच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. ही मैत्रीण पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेली आणि तिथे जाऊन नर्स झाली. बायको मेथी निवडत बोलत होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

"आमच्याकडे व्हेंटिलेटरवरचा पेशंट असला की एकाला एक नर्स," मैत्रीण म्हणाली.

"एकाला एक? मग बाकीचा वेळ तू काय करतेस?"

"त्याच पेशंटकडे बघते."

बायको हसली. मैत्रीणही हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ निवडून झालेलीच मेथी पुन्हा निवडत बसली. तिच्याकडे तेव्हा एका वेळी चार पेशंट असायचे, कुणी रजेवर गेलं की सहा. दुपारी ती मला म्हणाली, "अहो, मला एकदा असं काम करायचंय. एका माणसाकडे नीट लक्ष देऊन. रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी."

एवढंच तिचं मागणं होतं. घर, गाडी, समुद्रकिनारा, मुलीची शाळा, हे सगळं आम्ही नंतर त्याला जोडलं, कारण नातेवाइकांना सांगायला काहीतरी लागतं. मी म्हटलं, बघतो.

आमच्यासारख्या घरांत फाईल पुरुषाकडे असते. हा कुठे लिहिलेला नियम नाही. पण माझ्या सासऱ्यांची फाईल सासऱ्यांकडे होती, माझ्या वडिलांची त्यांच्याकडे, आणि लग्न झालं तेव्हा बायकोची सर्टिफिकेटं सासऱ्यांच्या फाईलमधून निघून माझ्या फाईलमध्ये आली. जसे तिचे कपडे आले तशीच. सगळ्या भावकीचे ब्लड ग्रुप तिला पाठ आहेत, पण स्वतःचा पॅन नंबर ती मला विचारते. तेव्हा व्हिसाची चौकशी मी करणार हे ठरवावंसुद्धा लागलं नाही. तिला एवढंच माहीत होतं की नवऱ्याच्या व्हिसावर जायचं आणि तिथे पोचल्यावर परीक्षा द्यायच्या. मैत्रिणीनं तसंच केलं होतं.

गंगापूर रोडला चष्म्याच्या दुकानाच्या वर एक कन्सल्टंट बाई बसायच्या. बाई म्हणजे तिशीतली मुलगीच, स्वतः तिकडे शिकून परत आलेली. मी शनिवारी अर्धी रजा टाकून गेलो. तिनं एका कागदावर व्हिसासाठी धरतात ते माझे गुण मांडायला घेतले. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके. बेरीज करून तिनं तिच्याखाली एक रेघ मारली.

"सर, स्पष्ट सांगू का? तुमचं काम ज्या यादीत बसतं, तिच्यावर कायमचा व्हिसा नाही. लहान गावात राहायच्या अटीवर तात्पुरता मिळतो, तोही तिथल्या एखाद्या राज्यानं तुमचं नाव सुचवलं तर. रांग मोठी आहे. आणि तुम्ही चाळिशीला आलात."

"अजून दहा महिने आहेत."

"तेच म्हणतेय. चाळीस झाले की वयाचे दहा मार्क जातात." मग तिनं सहज विचारलं, "मिसेस काय करतात?"

"हॉस्पिटलमध्ये आहे."

"हॉस्पिटलमध्ये म्हणजे? ॲडमिनला?"

"नर्स आहे. आयसीयूला."

तिनं पेन खाली ठेवलं. "सर, हे आधी नाही का सांगायचं?"

तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला घेतलं. बायकोचं वय, पदवी, किती वर्षं नोकरी, कुठल्या वॉर्डात. मी उत्तरं देत गेलो. बेरीज माझ्यापेक्षा बरीच जास्त झाली. नर्स हे काम त्या देशाच्या टंचाईच्या यादीत होतं आणि पुढे कित्येक वर्षं राहणार होतं. थेट कायमचा व्हिसा मिळण्यासारखा होता. तिला तिथल्या नर्सिंग मंडळाच्या परीक्षा आधी द्याव्या लागल्या असत्या, वर्ष-दीड वर्ष गेलं असतं, पण तिचं वय अडतीस, हातात वेळ होता.

"मॅडमना मुख्य अर्जदार करू," कन्सल्टंट म्हणाली. "तुम्ही आणि मुलगी डिपेंडंटमध्ये याल. तुम्हालाही तिथे काम करायची पूर्ण परवानगी असते. काही फरक पडत नाही, फक्त रकाना बदलतो."

डिपेंडंट हा शब्द मला चांगला ओळखीचा होता. कंपनीच्या मेडिक्लेम कार्डावर माझ्या नावाखाली तीन डिपेंडंट होते. आई, बायको, मुलगी. दर एप्रिलला एचआरवाला यादी दाखवायचा आणि मी बरोबर आहे म्हणून सही करायचो. आता मी त्या यादीत उतरणार होतो, मुलीच्या वर किंवा खाली, ते काही तिनं सांगितलं नाही.

"एकदा मॅडमना घेऊन या."

"आणतो," मी म्हटलं.

तो कागद तिनं मला दिला. घडी करून मी खिशात ठेवला. घरी आलो तर बायको ड्युटीला निघायच्या तयारीत, केसांना पिना लावत होती.

"काय म्हणाल्या?"

"अवघड आहे म्हणाली. पण बघू."

"माझं काही लागेल का? सर्टिफिकेट वगैरे?"

"सध्या नाही," मी म्हटलं.

सोमवारी कंपनीत गेल्यावर तो कागद मी लाल डब्यात टाकला.

यात कुणी माझ्यावर दबाव आणला असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. मी तसा दबाव शोधूनही पाहिला. आई हॉलमध्ये तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, "आई, आमच्या कंपनीत एक जण आहे. त्याची बायको परदेशात चाललीय आणि तो तिच्या मागनं. तिच्या नावावर."

"मग?"

"बरं दिसतं का ते?"

"कुनाला दिसनार हाय तिकडं?"

"तसं नाही गं. कागदावर नाव बायकोचं, आणि हा नुसता मागं."

आईनं ताटातून एक खडा उचलून बाजूला ठेवला. "गावाकडच्या घराचं लाइटबिल अजून तुझ्या बापाच्या नावानं येतं. त्याला जाऊन अकरा वर्सं झाली. दिवे लागायचे राहिले का?"

मी तो खडा उचलून कचऱ्यात टाकला.

"लय इचार करनारा मानूस दिसतोय तुझा तो," आई म्हणाली. "त्याला सांग, जा म्हनावं गपगुमान. बॅगा उचलायला तरी कोनी लागंलच ना तिला."

म्हणजे तिकडूनही काही मिळालं नाही. रेशनकार्डावर तर कुटुंबप्रमुख म्हणून आईचंच नाव होतं, सरकारनंच घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव घालायचं ठरवल्यापासून. ते कार्ड मीच रांगेत उभं राहून आणलं होतं आणि त्या दिवशी मला काहीही वाटलं नव्हतं.

मग आताच का वाटलं, यावर मी सात वर्षं विचार केलेला आहे. मला जे सापडलं ते फार मोठं नाही. एकदा ती डबा विसरली म्हणून मी आयसीयूच्या दारापर्यंत गेलो होतो. काचेतून ती दिसली. तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे एक डॉक्टर पेशंटच्या नळीला हात घालत होते आणि ती त्यांना म्हणाली, "सर, एक मिनिट." ते थांबले. तिनं मॉनिटर बघितला, काहीतरी फिरवलं, मग मान हलवली, तेव्हा त्यांनी पुढचं केलं. ही बाई घरी मला विचारते की पंखा तीनवर ठेवू का चारवर. तिकडे गेल्यावर ती मला पंख्याचं विचारणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. एवढंच कारण आहे. याहून भारदस्त कारण असतं तर मी ते दिलं असतं.

मी दुसरा कन्सल्टंट शोधला. देवळाली कॅम्पात, सैन्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरीच हे काम करायचे. माणूस अत्यंत सरळ. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "देखो साहेब, तुम्ही जे सांगाल ते मी बिनचूक भरतो. का, कशाला, हे विचारणं माझ्या कामात येत नाही." मला असाच माणूस हवा होता. त्यांच्याकडे स्वतःचा एक छापील फॉर्म होता, गिऱ्हाइकाच्या कुटुंबाची माहिती लिहायचा. त्यात पहिलीच ओळ मुख्य अर्जदाराची.

"हेड ऑफ फॅमिली आपणच ना?"

"हो."

"मिसेस? ऑक्युपेशन?"

इथे मी नर्स म्हटलं असतं तर या गृहस्थांनीही पेन खाली ठेवलं असतं. न विचारणारा माणूससुद्धा एवढं विचारतोच. मी म्हटलं, "गृहिणी."

त्यांनी मोठ्या अक्षरांत, एकेका चौकोनात एकेक अक्षर, असं हाउसवाइफ लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

त्या फॉर्मवर तिच्याही सह्या लागत होत्या. मी घरी पोचलो तेव्हा ती पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलेली, पांढऱ्या युनिफॉर्मात, गळ्यात ओळखपत्र. उशीर होत होता. मी तिथेच स्कूटरच्या पुढच्या भागावर फाईल टेकवली.

"कुठे करू?"

"पिवळी चिठ्ठी आहे तिथे. पाच आहेत."

तिनं तीन केल्या आणि थांबली. "वाचू का एकदा?"

"वाच की."

तिनं घड्याळ बघितलं. "राहू दे, आल्यावर वाचते." उरलेल्या दोन सह्या केल्या, पेन माझ्या खिशाला लावलं आणि गेली. ती आली तोवर फाईल कपाटात होती. तिनं परत मागितली नाही, मी दिली नाही.

इंग्रजीची परीक्षा दोघांनीही दिली, कारण बायकोला इंग्रजी येत असलं तर नवऱ्याला त्याचे पाच गुण मिळतात. आम्ही पहाटेच्या बसनं पुण्याला गेलो. कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरशी बोलायचं, समोर आलेल्या चित्राचं वर्णन करायचं. माझ्यासमोर एका धरणाचा आलेख आला. मी तो बघत राहिलो आणि वेळ संपला. शेजारच्या कप्प्यातून तिचा आवाज येत होता, पेशंटच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तसा. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मार्क पडले. मला पुन्हा बसावं लागलं, आणि मग आणखी एकदा.

"तुमचं बोलण्यातच जातंय बघा," परतीच्या बसमध्ये ती म्हणाली. "घरात कधी बोलत नाही, परीक्षेत कुठून बोलणार? उद्यापासून मला रोज दहा वाक्यं इंग्रजीत बोलायची. भांडणाचीसुद्धा चालतील."

ती खरंच रोज सकाळी चहाच्या वेळी माझ्यासमोर बसायची. म्हणायची, डिस्क्राइब द किचन. मी किचनचं वर्णन करायचो. दी गॅस इज ऑन दी लेफ्ट. ती चुका सांगायची. आपल्या पाच गुणांपायी ती किती खूश होती, हे मला त्या टेबलावर रोज समोर दिसत होतं. माझ्या अर्जाला हातभार लावतेय, असं तिला वाटायचं.

अखेर तिसऱ्या खेपेला माझं जमलं. अर्ज गेला. म्हणजे अर्जही नव्हे, आम्हाला यायचंय अशी इच्छा नोंदवली. तिकडून बोलावणं आलं तर खरा अर्ज. माझी बेरीज काठावर होती. तीन महिन्यांनी माझा चाळिसावा वाढदिवस आला. बायकोनं पाइनॲपल केक आणला, मुलीनं मेणबत्त्या लावल्या, आईनं ओवाळलं. मी फुंकर मारली आणि माझे दहा मार्क गेले. आता मी काठाच्या आतही नव्हतो. हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. केक सगळ्यांना आवडला.

मग कोविड आला आणि मला सबब मिळाली. देशांच्या सीमा बंद, विमानं बंद, मी काही न करता खरं बोलत होतो. बायको तेव्हा ज्या आयसीयूत होती, तिथलं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. चारांचे आठ झाले होते एवढं तिनं एकदा सांगितलं. घरी आली की ती बाहेरच्या खोलीत वेगळी राहायची. जेवणाचं ताट मी दाराशी ठेवायचो. एकदा ताट घेताना तिनं दाराआडून विचारलं, "तिकडून काही आलं का हो?"

"सगळं बंद आहे."

"हं." मग दार लोटून घेताना, "बरं झालं एका अर्थी. आत्ता गेलो असतो तर इथलं कुणी बघितलं असतं."

ही तिची समजूत मी तशीच राहू दिली. पण सगळं बंद नव्हतं. नर्सेसना तेव्हाही बोलावणी जात होती. मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, आमच्याकडे केरळच्या दोघी नव्या आल्यात. बायकोनं ते मला नाश्त्याला सांगितलं.

"शिकायला गेल्या असतील," मी म्हटलं.

"असतील," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली की ती नोंद आपोआप बाद होते. तशी एक ईमेल आली, तीन ओळींची. मी ती तिला दाखवली नाही, सांगितली. म्हटलं, "रिजेक्ट झालं."

"का?"

"कारण देत नाहीत."

ती इस्त्री करत होती. शर्टाची बाही पूर्ण केली, प्लग काढला. "बरं. मग आता बाथरूमच्या टाइल्स बदलून घेऊ. जायचंय जायचंय म्हणून तीन वर्षं तशाच ठेवल्यात."

त्याच महिन्यात टाइल्स बदलल्या. फिक्या निळ्या. मुलगी रडली थोडी, शाळेत सांगून बसली होती ना. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, त्यांचंच नुसकान." नातेवाईक फोन करून माझं सांत्वन करायचे. माझं. मी ते घ्यायचो.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते. इथवरचं सगळं एका भित्र्या माणसाच्या हातून घडलं असं म्हणता येईल. पण त्यानंतर तिला एक्केचाळीस लागलं, बेचाळीस लागलं. वयाची मर्यादा पंचेचाळीसची. तिचे दहा मार्क गेले तरी नर्सिंगच्या जोरावर तिचं जमण्यासारखं होतं. मी दर वर्षी तिच्या वाढदिवसाच्या आसपास कंपनीतल्या कॉम्प्युटरवर बसून तिचे गुण काढायचो. दर वर्षी जमत होतं. त्रेचाळीसला जमत होतं. चव्वेचाळीस लागलं तेव्हा परीक्षांचा वेळ धरला तर अगदी ओढून ताणून, पण एक फट होती. मी स्क्रीनवरची खिडकी बंद करून सुटे भाग मापायला जायचो. तोंड उघडायचं तर आधीचं सगळं सांगावं लागणार होतं, आणि दर वर्षी सांगायचं एक वर्षानं वाढत होतं.

या मार्चमध्ये तिला पंचेचाळीस पूर्ण झाले. वॉर्डात केक कापला. मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, की आता सांगून काही उपयोग नाही, म्हणजे सांगायची गरज उरली नाही.

गेल्या महिन्यात तिच्या हाताखाली शिकलेली एक नर्स नवऱ्याबरोबर पेढे घेऊन घरी आली. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा झाला होता, तिघांचा, लहान मुलगा धरून. नवरा ओझरकडचा, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. बसल्या बसल्या त्यानं स्वतःची ओळख करून दिली.

"मी डिपेंडंट, काका. सरकारी शिक्क्यासकट. हिच्या जिवावर चाललोय."

"अहो, गप्प बसा ना," त्याची बायको म्हणाली.

"का? खोटं आहे का? लग्नात मी पुढं होतो, ही मागं. आता विमानात ही पुढं, मी मागं. फिट्टंफाट. गावात सगळ्यांना सांगितलंय मी. आमचे चुलते म्हणाले, लाज वाटत नाही का रे? म्हटलं नाना, तुम्ही आयुष्यभर काकूंना विचारून चहा पिता, माझ्याकडं निदान कागद आहे."

बायको मनापासून हसली. मीही हसलो. मग ती नर्स बायकोकडे वळून म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही का नाही गेलात? तुम्ही तर टाकलं होतं ना? तुमचा एवढा अनुभव, तुमचं तर पहिल्या फटक्यात झालं असतं."

"आमचं ह्यांच्या नावानं होतं," बायको म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं, "अहो, आपल्या वेळी असं नव्हतं ना? बायकोच्या नावानं?"

"नियम वेगळे होते तेव्हा," मी म्हटलं.

"नाही, माझी मावसबहीण तर त्याच सुमारास—" ती नर्स बोलायला लागली, आणि माझ्याकडे बघून थांबली. तिनं बशीतला चिवडा उचलला. तिला कळलं असावं. आयसीयूतल्या मुलींना चेहरे वाचता येतात, माझ्या बायकोनंच शिकवलेलं असतं त्यांना. नवरा अजून चुलत्यांची गोष्ट सांगत होता.

ते गेल्यावर बायकोनं कप उचलून सिंकमध्ये ठेवले. मी टेबल पुसलं.

"पंचेचाळीसपर्यंत चालतं म्हणत होती ती," पाठमोरीच ती म्हणाली.

"हो."

"मार्चमध्येच झाले की मला." तिनं नळ सोडला. "असो. तिला मी सांगितलंय, पहिल्या दिवसाचं मला कळव. एकाच पेशंटजवळ पूर्ण ड्युटी काढल्यावर कसं वाटतं ते."

मी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. त्या वेळी ती वळली असती तर कदाचित बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो, पण मी स्वतःला ओळखतो. ती वळली होती. टॉवेल घ्यायला. मी तिला टॉवेल दिला.

त्याला आता महिना झाला. परवा त्या नर्सचा तिकडून पहिल्या ड्युटीचा मेसेज आला. बायकोनं तो चष्मा लावून दोनदा वाचला, मला वाचून दाखवला आणि फोन चार्जिंगला लावून ड्युटीवर गेली. हे मी तिच्या माघारी लिहितो आहे. लिहिता येतं म्हणजे सांगता येईल, असा भरवसा मला नाही.

तिनं मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर असं आहे की नियम तेव्हाही हाच होता, मला तो माहीत होता, तुझ्या नावानं आपण गेलो असतो, आणि तुझ्या कामाच्या जागी मी गृहिणी लिहून त्यावर तुझी सही घेतली. हे उत्तर मी तिला अजून देणं लागतो.